फायलीच्या जागी फळी

१

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बस्त्याची गाठ सोडली, तेव्हा आत फळी निघाली.

आमच्या कार्यालयात बस्त्यातून काहीही निघू शकतं. मागे एकदा कवळी निघाली होती, आणि तिच्यावर रीतसर आवक क्रमांक होता. पण फाईल असायला हवी तिथे बिनक्रमांकाची फळी निघणं हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. जुन्या जड लाकडाची, दोन बोटं जाड. दोन्ही टोकांना स्क्रूचं एकेक भोक. एका कोपऱ्यावर निळ्या चौकडीचं कापड, खाली कापूस घालून, बारीक टाक्यांनी शिवून बसवलेलं. हुंगली तर साबणाचा वास.

आम्ही सैन्यातल्या नोकरीत ज्यांचे कान गेले त्यांचे भरपाईचे दावे बघतो. मी तिथे कनिष्ठ कारकून. पानांवर क्रमांक टाकणं, शिक्के मारणं आणि निकालानंतर गोपनीय कागद नष्ट करणं ही माझी तीन कामं. त्यातलं तिसरं मला सगळ्यांत चांगलं जमतं.

हरवलेली फाईल तोफवाल्या काकांची होती. एकोणीस वर्षं ते तोफेशेजारी उभे राहिले आणि अकरा वर्षं आमच्या बाकावर बसले. दोन्ही कान गेलेले. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी चार वाजता, वैद्यकीय मंडळापुढे त्यांची शेवटची सुनावणी होती. मूळ फाईल मंडळाच्या टेबलावर नसली तर दावा कायमचा निकाली; पुन्हा अर्ज नाही. मंजूर झाला असता तर दोन्ही कानांना चांगली यंत्रं मिळणार होती.

"पोलिसांना कळवायचं का?" मी साहेबांना विचारलं.

"नको. ते आणखी एक फाईल उघडतील," साहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. त्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. कोणाचं टेंगूळ आणि कोणाची फळी, एवढी बेरीज तर मलाही येते.

२

तपास कानवाल्या बाईंकडे गेला. बाई आमच्या आवाजबंद खोलीत बसून लोकांचे कान तपासतात. बहिरेपणाचं सोंग पकडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. बावीस वर्षांत त्यांनी एकशेबारा सोंगं पकडली आहेत, त्यातले दोघे तर आमचेच साहेब होते. आत्ताचे नाहीत, आधीचे.

"माणूस कशाला वळून बघतो हे सगळेच बघतात," त्या म्हणाल्या. "मी बघते तो कशाला वळत नाही. चल, वही घे."

पहिली चौकशी कुलूपची. कुलूप म्हणजे आमचे अभिलेखपाल. तीस वर्षं त्यांच्याकडे किल्ल्या आहेत आणि तीस वर्षं ते कुलपाएवढंच बोलतात.

"फाईल शेवटची कोणी आणली?"

"ज्याची त्यानं."

इथे एक खुलासा. आमच्याकडे शिपायाची जागा सहा वर्षं रिकामी आहे. त्यामुळे अर्जदार स्वतःच आपली फाईल बस्त्यात बांधून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेतो. यात धोका नाही असं मानतात, कारण स्वतःच्या दाव्याची फाईल कोण पळवेल? तोफवाले काका सोमवारी कानाच्या तपासणीला आले, तेव्हा बस्ता घेऊन बाईंच्या खोलीबाहेर दोन तास बसले होते. बुधवारी ते काकूंसोबत सह्या करायला आले. दुपारी तासभर बस्ता साहेबांच्या खोलीत होता. मग काकांनी तो आणून कुलूपकडे दिला.

"उघडून बघितला नाहीत?"

कुलूपनी हात पुढे करून काहीतरी जोखल्यासारखं केलं. "वजन बरोबर होतं."

"वजनावर घेता?"

"दोन किलो सहाशे. एका ग्रॅमचा फरक नव्हता."

बाईंनी फळी आमच्या टपालाच्या काट्यावर ठेवली. दोन किलो सहाशे. कुलूपच्या चेहऱ्यावर कौतुक उमटलं. ते चोराचं होतं की स्वतःचं, कळलं नाही.

"आणि गाठ?"

"माझी नव्हे. मी फुलगाठ मारतो. ही सपाट होती, टोकं आत खोचलेली. सोडताना याचं नख तुटलं." हा म्हणजे मी. नख तुटलं होतं हे खरं आहे.

मी अभिलेखकक्षात डोकावून आलो. मधल्या रॅकची एक फळी गायब होती! मी धावत बाईंना सांगितलं.

"रॅक कशाचे आहेत?" त्यांनी विचारलं.

"लोखंडाचे," मी म्हणालो, आणि वहीत ते खोडलं.

३

साहेबांची चौकशी त्यांच्याच खोलीत झाली. त्यांच्याकडे कारण होतं. वर्षअखेरीला प्रलंबित दाव्यांचा आकडा शंभराच्या आत आणायचा वरून हुकूम होता, आणि आकडा एकशे एकवर अडला होता.

"टेंगूळ कसं आलं?" बाईंनी विचारलं.

"कपाटाचा खण उघडा होता."

"फळी नव्हती?"

"मला फळी लागली असती तर मी फळी म्हणालो असतो," साहेब दुखावून म्हणाले. "हे बघा, आकडा कमी व्हावा असं मला वाटतं, नाही कशाला म्हणू. पण मी फाईल पळवली तर ती शोधायची नोंद माझ्याच नावावर पडते. म्हणजे एकाच्या दोन."

हा युक्तिवाद मला पटला. बाईंचं लक्ष मात्र साहेबांच्या शर्टाकडे होतं. तिसऱ्या बटणाच्या जागी स्टेपलरची पिन मारली होती.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "हा नाही."

"का?"

"फळीच्या कोपऱ्यावरचे टाके बघितलेस? इंचाला बारा. जो माणूस बटण पिनेनं लावतो, त्याच्या घरात असा टाका घालणारं कोणी नाही. ज्या घरात ही फळी होती तिथे कोणाच्या तरी डोक्याला ती सारखी लागायची. आणि साबण होता, म्हणजे नळाच्या वर असणार. ते डोकं सापडलं की फाईल सापडली."

"मग कोपरा गुंडाळण्यापेक्षा त्यांनी फळीच का नाही काढली?"

बाई थांबल्या. "हा प्रश्न चांगला आहे," त्या म्हणाल्या. माझ्या प्रश्नाबद्दल असं त्या कार्यालयात प्रथमच कोणी म्हणत होतं, म्हणून मी तारीख लिहून ठेवली.

आमच्या खोलीत परत आल्यावर त्यांनी विचारलं, "त्या फायलीत असं काय होतं, की जे दुसरीकडे कुठेच नाही? कानांच्या तपासणीच्या आलेखाची प्रत माझ्याकडे आहे. सेवापुस्तकाची सैन्याकडे आहे."

मी आठवून बघितलं. एकच गोष्ट होती. जोडीदाराचा जबाब.

आमच्या अर्जात एक रकाना असतो: 'अर्जदाराच्या बहिरेपणाचा घरावर काही परिणाम झाला आहे काय? थोडक्यात लिहा.' खाली दोन ओळींची जागा आणि एक सूचना: 'जागा कमी पडल्यास जास्तीची पानं जोडावीत.' लोक लिहितात, 'होय.' काकूंनी एकेचाळीस पानं जोडली होती.

हा जबाब अर्जदाराला दाखवत नाहीत. घरात भांडणं होतात. म्हणून तो पाकिटात ठेवून दोरा गुंडाळतात, प्रत काढत नाहीत, आणि निकाल लागला की नष्ट करतात. नष्ट करणारा मीच. त्याआधी 'जबाबात अपशब्द नाहीत' असा शेराही मीच देतो. काकूंची चार पानं वाचून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. नऊ महिने झाले त्याला.

"म्हणजे ज्याला ती पानं नको होती, किंवा ज्याला हवी होती," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर काकू उभ्या होत्या.

"बाळा," त्या मला म्हणाल्या, "मी लिहून दिलं होतं ना, ते मला परत मिळेल का रे?"

४

मी त्यांना आत बसवलं. पाणी दिलं. बाईंनी फळीवर वर्तमानपत्र टाकलं.

"परत कशाला हवंय?" बाईंनी विचारलं.

"लाज वाटते हो. विचारलं एवढंसं आणि मी लिहीत सुटले. एकतीस वर्षं बोललेलं भिंतीवर आपटून परत यायचं. कागद पुढे आला आणि मला थांबवेना. आता मंडळातले चार लोक ते वाचणार. नवऱ्याची चहाडी केल्यासारखं झालं, तेही आत्ता, ते असे आजारी असताना."

"काका आजारी आहेत?"

"नाही तर काय! विचित्र वागायला लागलेत. बुधवारी घरी गेल्यावर खिडकीला कडी बसवली. एकोणीस वर्षं ती खिडकी मी दोरीनं बांधत्येय. आज सकाळी उठून कपाटाच्या बिजागराला तेल घातलं. मध्येच माझ्याकडे बघत राहतात. माणूस जायच्या आधी अशी आवराआवर करतो म्हणतात ना?" त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आणि तेल घालायचं तरी कुठे, तर कपाटाला! कपाट बिचारं कधी चूं करत नाही. किंचाळतं ते मागचं दार."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मी त्यांना बावीस वर्षांत, म्हणजे माझ्या दोन वर्षांत, पेन खाली ठेवताना बघितलं नव्हतं.

काकूंनी पाण्याचा पेला ठेवायला जागा केली. वर्तमानपत्र सरकलं.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "माझी फळी इथे काय करत्येय?"

५

साहेबांना बोलावलं. त्यांनी दोन मिनिटांत प्रकरण निकाली काढलं.

"फळी यांची. टाके यांचे. जबाब यांना परत हवा होता. बुधवारी या इथे होत्या. काकू, फाईल आणून द्या, आम्ही काही म्हणणार नाही."

"मी कशाला आणीन हो फळी इथे?" काकू रडकुंडीला आल्या. "मंगळवारी ह्यांनीच ती भिंतीवरून काढली. बारा वर्षं माझं डोकं फोडल्यावर! मला वाटलं, चुलीत घातली."

"काकू नाहीत," बाई म्हणाल्या. "त्या रुमालाला गाठ कशी मारतात बघा. कुलूपसारखी, फुलगाठ. बस्त्याची गाठ सपाट होती, टोकं आत. तोफेवरचं कापड असं बांधतात, वाऱ्यानं सुटू नये म्हणून. तोफवाल्यांच्या हाताला तेवढीच गाठ येते."

"म्हणजे काकांनी? स्वतःचीच फाईल?" साहेबांनी टेंगूळ चोळलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. तो उजेड मला आवडला नाही. "थांबा. बायकोनं सांगितलेली कामं ते एकामागून एक करतायत. फळी, कडी, बिजागर. म्हणजे त्यांना ऐकू येतं! अकरा वर्षं सोंग! तुमचं एकशेतेरावं, बाई. सुनावणीत कोणी ते विचारायच्या आत घाबरून त्यांनी फाईल लांबवली. दावा नामंजूर. शंभर!"

काकू पांढऱ्याफटक पडल्या. "ऐकू येतं?" त्या हळूच म्हणाल्या. "एकतीस वर्षं ऐकू येत होतं?"

दाव्याचं काय व्हायचं ते होवो, पण काकूंचा संसार आमच्या टेबलावर वर्तमानपत्राखाली पडला होता.

"काकू," कानवाल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मागचं दार कुरकुरतं. कपाट नाही. ज्याला ऐकू येतं तो तेल कशाला घालेल?"

"दाराला."

"आणि काकांनी घातलं कपाटाला. कुरकुर कुठून येते हे त्यांना ठाऊक नाही. कारण ती त्यांनी जन्मात ऐकलेली नाही. त्यांच्या आलेखात नेमकी त्या उंच आवाजांच्या जागी दरी आहे, तोफेनं पाडलेली. मग कपाटाला तेल घालायचं त्यांच्या डोक्यात आलं कुठून?"

आणि मला तिसरं पान आठवलं. पहिली दोन वाचताना मी चहा पीत होतो. पण तिसऱ्या पानावर मी हसलो होतो. 'रोज पहाटे सव्वापाचला कपाट किंचाळतं, मी दचकून उठते, आणि हे प्रसन्न चेहऱ्यानं फिरायला जातात.'

मी ते वाक्य म्हणून दाखवलं. काकूंनी कपाळावर हात मारला.

"कपाट लिहिलं की काय मी? दार म्हणायचं होतं! कपाट आवरता आवरता लिहीत होते, तेच उतरलं असेल."

"ऐकणाऱ्यानं ही चूक केली नसती," बाई म्हणाल्या. "वाचणाऱ्यानंच केली. सोमवारी दोन तास बाहेर बसले होते तेव्हा पाकिटाचा दोरा सुटला असणार, आणि त्यांनी पहिलं पान वाचलं. घरी जाऊन फळी काढली. बुधवारी त्याच फळीनं बाकीची चाळीस पानं सोडवून नेली. वजन जुळलं ते मात्र नशीब."

"नशीब नव्हे," दारातून कुलूप म्हणाले. "तोफवाला आहे. गोळा हातात घेऊन वजन सांगतात ते."

हे त्यांचं त्या वर्षातलं सगळ्यांत लांब वाक्य होतं.

६

काकांचं घर दोन खोल्यांचं. नळाच्या वर भिंतीत दोन भोकं, खिडकीला नवी कोरी कडी. काका टेबलाशी बसले होते. नाकावर चष्मा, डाव्या हाताला पक्कड, पुढ्यात फाईल. पान तेहेतीस. दाराकडे पाठ होती. आम्ही चौघं आत आलो, मी वाटेत स्टुलावर आपटलो, तरी ते वळले नाहीत.

साहेबांनी ते बघितलं, आणि उगाच खिडकीची कडी लावून बघितली.

काकू समोर जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा काकांनी मान वर केली. पकडलेल्या पोरासारखे ते उभे राहिले.

बाईंनी अर्जदारांशी बोलायची आपली पाटी काढून लिहिलं: 'फाईल का नेलीत?'

"वाचायचं होतं," काका म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे ते कुजबुजले तरी शेजारी कळतं. "ही रोज बोलते. मी मान हलवतो. कुठे हो म्हणायचं, कुठे नाही, ते चेहरा बघून ठरवतो. बरेचदा चुकतं. सोमवारी पहिल्यांदा कळलं, बोलते काय ते!"

'दावा बुडेल. यंत्रं मिळणार नाहीत.'

"यंत्रानं पुढचं ऐकू येईल. मागचं एकतीस वर्षांचं?" त्यांनी पानांवर हात ठेवला. "ते एवढंच आहे. आणि नियम विचारून आलोय मी. निकाल लागला की हा पोरगा जाळतो."

"जाळत नाही, यंत्रात कापतो," मी म्हणालो. कोणी पाटीवर लिहिलं नाही, ते बरं झालं.

काकूंनी बाईंच्या हातातून पाटी घेतली. बराच वेळ लिहीत होत्या. मला वाटलं, आता बेचाळिसावं पान येतंय. पण पाटीवर दोनच ओळी होत्या.

'कपाट नव्हे हो, मागचं दार. यंत्र मिळालं की उरलेलं तोंडानं सांगेन.'

काका उठले, तेलाची बाटली घेऊन मागच्या दाराकडे निघाले.

"थांबा!" बाई ओरडल्या. त्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. बाईंनी पाटी पुसून लिहिलं: 'उद्या चारपर्यंत दाराला हात लावू नका. तो पुरावा आहे.' आणि खाली: 'आज रात्रीत आठ पानं वाचून होतील?'

काकांनी मान हलवली. यावेळी बरोबर हलवली.

७

शुक्रवारी पावणेचारला काका बस्ता घेऊन आले. सपाट गाठ, टोकं आत. कुलूपनी बस्ता हातात जोखला, म्हणाले, "दोन सहाशे," आणि तरीही उघडून बघितला.

बाईंनी आपल्या अहवालाखाली शेरा जोडला होता: 'अर्जदाराने न कुरकुरणाऱ्या कपाटास तेल घातले. कुरकुरणारे दार जागेवर आहे. मंडळाची इच्छा असल्यास उघडून पाहावे.' मंडळातल्या डॉक्टरांनी हे तीनदा वाचलं. पहिल्यांदा ते हसले, दुसऱ्यांदा त्यांनी आलेख मागवला, तिसऱ्यांदा सही केली. दावा मंजूर. साहेबांचा आकडा शंभरावर आला. शंभराच्या आत म्हणजे नव्व्याण्णव, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही.

उरलं माझं काम. एकेचाळीस पानं नष्ट करून कुलूपच्या साक्षीनं दाखला लिहायचा. नियमात पानांची संख्या लिहायची असते, मजकूर नाही. साहेबांनी 'कागद वाचवा' असं परिपत्रक काढलं होतं, त्याच्या जास्तीच्या एकेचाळीस प्रती माझ्या खणात होत्या. मी त्या कापल्या. कुलूपनी खिडकीबाहेर बघत सही केली. काकू जाताना मी त्यांच्या पिशवीत एक पाकीट ठेवलं. दोरा गुंडाळून.

त्याआधी मी शेवटचं पान वाचलं. शेरा मी चार पानांवरच दिला होता, तेवढी कसर भरून काढली. पान एकेचाळीसवर लिहिलं होतं: 'एकदा हे वाचत बसले असताना मी मागे उभी राहून गाणं म्हटलं. पूर्ण. मला गाता येत नाही. ते यांना ऐकू आलं नाही, याबद्दल माझी तक्रार नाही.'

अपशब्द नव्हते.

तीन महिन्यांनी यंत्रं आली. बाईंनी काकांच्या कानांत बसवली. काका आधी पंख्याकडे वळले, मग माझ्या पेनाकडे, मग कुलूपच्या किल्ल्यांकडे. प्रत्येक वेळी बाई वहीत खूण करत होत्या. शेवटी ते काकूंकडे वळले.

"पान एकेचाळीस," ते म्हणाले. एकदम हळू आवाजात. त्यांनाच दचकायला झालं.

"इथे? या सगळ्यांसमोर?"

"आवाजबंद खोली आहे," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मी आतच राहिलो, कारण वही माझ्याकडे होती.

काकू गायल्या. पूर्ण. जबाबात त्यांनी एक शब्दही वाढवून लिहिला नव्हता. काकांनी डोळे न मिटता, एकदाही न हलता, सगळं ऐकलं. मग सवयीनं पाटी ओढली, काहीतरी लिहिलं आणि हळूच माझ्याकडे सरकवली.

'हे बंद कुठून करतात?'

आणि खाली, जरा थांबून: 'आत्ता नको. माहिती असावी म्हणून.'

काकूंनी माझ्या खांद्यावरून वाकून पाटी वाचली. खुर्ची ओढून बसल्या, पदर खोचला.

"बाळा," त्या मला म्हणाल्या, "कोरा कागद दे. पान बेचाळीस."